गाठीची गुंडी
(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आजचा विषय अंगठ्याच्या पेराएवढा आहे. एक दोरी घ्यायची, ती तिच्यातच अशी गुंफायची की शेवटी एक गोल, टणक गुंडी तयार व्हावी. ही गुंडी झंपराला लावता येते, गळ्यातल्या सराचं टोक अडकवायला वापरता येते, कानातल्या लोलकाच्या जागी घालता येते. तिच्यात दोरीखेरीज काहीही नसतं. लाकूड नाही, हाड नाही, शिंपला नाही, प्लास्टिक नाही. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शाळेत हातकामाचा तास घेत असत, म्हणून हा विषय मी संयोजकांना सुचवला. व्यासपीठावरून सहसा साहित्य आणि समाजकारण यांवर बोललं जातं. हाताच्या कामावर तासभर बोलायची संधी मला मिळाली, याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

प्रत्येकाच्या खुर्चीवर दोन हात लांबीची सुती दोरी ठेवली आहे. ती आत्ताच हातात घेऊन ठेवा, मधे लागणार आहे. हे भाषण पुढे छापील स्वरूपात वाचणाऱ्यांनी बुटाची नाडी घेतली तरी चालेल.

आपल्याकडे अंगात घालायच्या जुन्या कपड्यांना बंद असत. बाराबंदीला तर नावातच बंद आहेत. अंगरखाही बंदांनीच छातीवर बांधला जाई. उत्तरेकडे अचकन, कुर्ता, सदरी यांच्यावर कापडाची किंवा दोऱ्याची घुंडी आणि तिला अडकवायचा तुकमा अशी जोडी दिसते. बंद आधी आले आणि गुंडी हा त्यापुढचा टप्पा, असं मांडणं सोपं आहे. पण प्रत्यक्षात दोन्ही पद्धती फार मोठा काळ शेजारी शेजारी नांदल्या. बंद बांधलेला कपडा अंगाच्या मापाप्रमाणे सैल-घट्ट करता येतो. गुंडीला एकच माप असतं, पण ती एका बोटाने लागते आणि एका बोटाने सुटते. ज्याला जे हवं त्याने ते घेतलं.

गाठीच्या गुंडीची सगळ्यात श्रीमंत परंपरा मात्र चीनमध्ये आहे, आणि तिच्याबद्दल सविस्तर बोललंच पाहिजे. मांचू राजवटीच्या काळात, म्हणजे १६४४ ते १९१२ या काळात, चिनी झग्याची डावी बाजू छातीवरून उजवीकडे जाई आणि उजव्या बगलेखालून थेट खालपर्यंत बंद होई. या तिरक्या वाटेवर गळ्यापाशी, खांद्याच्या हाडापाशी, बगलेत आणि मग कमरेकडे उतरत गुंड्या असत. श्रीमंतांच्या झग्याला पितळेच्या किंवा मुलामा दिलेल्या गोल गुंड्या लागत. सामान्य माणसाच्या कपड्याला कापडाचीच गुंडी. त्याच कापडाची पट्टी, तिचीच दोरी, त्या दोरीचीच गाठ. घरात शिवण करणाऱ्या बाईला यासाठी बाजारात जावं लागत नसे.

ही दोरी तयार करण्यातच अर्धं कसब आहे. कापड उरेब कापायचं, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना ४५ अंशांत तिरकं. सरळ कापलेली पट्टी वळणावर मोडते, तिला चुण्या पडतात. उरेब पट्टी वळणाबरोबर वळते. दोन-अडीच सेंटीमीटर रुंदीची पट्टी खळ लावून वाळवायची, दोन्ही कडा आत दुमडायच्या, पुन्हा मधोमध दुमडून बारीक टाक्यांनी शिवून टाकायची. ही झाली साध्या गुंडीची दोरी. फुलांच्या आकाराची गुंडी करायची असेल तर पट्टीच्या पोटात पितळेची किंवा तांब्याची बारीक तार घालतात. मग ती पट्टी वळवली त्या आकारात उभी राहते. मधल्या पोकळीत कापूस भरून वर दुसऱ्या रंगाचं रेशीम चढवतात.

अशा कामाला बहर आला तो १९२० आणि १९३०च्या दशकांत, शांघायमध्ये. छीपाओ हा अंगालगत बसणारा पोशाख तिथल्या शहरी स्त्रियांनी आपला केला. १९२९ साली राष्ट्रीय सरकारने पोशाखाचे नियम काढले तेव्हा स्त्रियांच्या औपचारिक वेषात त्याला स्थान मिळालं. या पोशाखावर शोभेला वाव थोडा, कारण कापडाची घडण साधी आणि रेषा सरळ. म्हणून शिंप्यांनी सगळी हौस गुंड्यांवर भागवली. पिपा या तंतुवाद्याच्या आकाराची गुंडी, शेवंतीची, फुलपाखराची, लग्नासाठी जोडसुखाच्या चिनी अक्षराची. वाँग कार-वाय यांचा २००० सालचा ‘इन द मूड फॉर लव्ह’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना मॅगी चंगचे उंच गळ्याचे छीपाओ आठवत असतील. तो पुन्हा पाहाल तेव्हा नजर गळ्याखाली, कापड मिटतं तिथे ठेवा.

माझं मत विचाराल तर मला फुलांपेक्षा सरळ गुंडी आवडते. चिनी लिपीत ‘एक’ हा अंक एका आडव्या रेघेने लिहितात. त्या रेघेसारखी दिसणारी ही गुंडी: एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला फासा, आणि दोन्हींच्या शेपट्या कपड्यावर सरळ शिवलेल्या. फुलाच्या गुंडीत वेटोळं डोळ्यात भरतं आणि गाठ मागे पडते. सरळ गुंडीत गाठ लपवायला जागाच नाही. ती नीट बसली नसेल तर तिसऱ्या रांगेतूनही दिसतं.

आता दोरी हातात घ्या. मी सांगते तसं सावकाश करत चला, जमलं नाही तर शेजाऱ्याची पाहा.

दोरी मध्यावर दुमडून मांडीवर ठेवा. दुमड वरच्या बाजूला, दोन्ही टोकं आपल्याकडे. डाव्या पदराचा एक वेढा करा आणि तो उजव्या पदरावर आडवा ठेवा. आता उजवा पदर उचलून त्या वेढ्यातून विणत न्या: एकाखालून, एकावरून, एकाखालून, एकावरून. कुठेही सलग दोनांवरून गेलात तर परत फिरा. नीट जमलं तर मांडीवर एक छोटी सपाट चटई दिसेल. मधोमध चौकोनी जागा, आणि चार कोपऱ्यांतून चार पदर बाहेर. समोरासमोरचे दोन म्हणजे वरच्या दुमडीचे पाय, उरलेले दोन म्हणजे मोकळी टोकं. खलाशी या सपाट गाठीला कॅरिक बेंड म्हणतात आणि दोन जाड दोर जोडायला ती वापरतात.

चटईची गुंडी होते ती यापुढच्या एका कृतीत. एक मोकळं टोक घ्या. ते चटईच्या बाहेरून शेजारच्या पायाला वळसा घालून खाली न्या, आणि खालून वर, मधल्या चौकोनातून बाहेर काढा. दुसरं टोकही तसंच. दोन्ही टोकांनी फिरायची दिशा एकच हवी. एक उजवीकडून आणि एक डावीकडून गेलं की गोलाई येत नाही. आता दोन्ही टोकं चौकोनातून शेजारी शेजारी वर आली असतील आणि दुमड खाली लोंबत असेल. टोकं एका हातात, दुमड दुसऱ्या हातात धरून हलकेच ताणलंत की चटईच्या कडा गोळा होऊन वर येतात. सभागृहात काही जणांचे चेहरे आत्ताच उजळले, म्हणजे त्यांना ते दिसलं.

इथे दुमड तशीच लांब ठेवली तर चाकू किंवा किल्ल्या लटकवायची खलाश्यांची गाठ होते. ती दुमड गाठीतच पूर्ण ओढून घेतली तर चिनी गुंडी होते. वीण एकच. फरक फक्त दुमडीच्या लांबीचा.

खरं काम यानंतर सुरू होतं, आणि बहुतेक नवशिके इथेच हात टेकतात. वीण समजायला पाच मिनिटं पुरतात, गाठ बसवायला अर्धा तास लागतो. दोन्ही टोकं धरून एकदम खेचली तर एक पदर आत बुडतो, दुसरा फुगून वर येतो आणि गुंडी कायमची वाकडी होते. गाठ कधीच टोकांनी आवळायची नाही. दुमडीपासून सुरुवात करायची. दाभणाने किंवा बोथट सुईने सैल पदर थोडा उचलायचा, त्याचा ढिलेपणा पुढच्या वळणात ढकलायचा, तिथून त्याच्या पुढच्या, असं करत तो शेवटच्या टोकापर्यंत आणायचा. मग दुसऱ्या टोकासाठी हीच फेरी. पहिल्या फेरीत गुंडी सैलच राहिली पाहिजे, दुसऱ्या फेरीत आकार यावा, तिसऱ्या फेरीत ती घट्ट व्हावी. दर फेरीला ती चारही बाजूंनी फिरवून पाहायची. सगळे पदर सारख्या उंचीवर, सारख्या ताणाचे दिसले की थांबायचं. आणखी एकदा ओढून पाहायचा मोह होतो, तो टाळायचा.

या गाठीला इतरही घरं आहेत. जपानमध्ये तिला शाक्यमुनींच्या नावाने ओळखतात, कारण बुद्धमूर्तीच्या मस्तकावरच्या गोल कुरळ्या केसांशी तिचं साम्य आहे. कोरियात ती कमळाची कळी होते, आणि तिथेही ती कपड्याची गुंडी म्हणून वापरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेशमी दोरीच्या गाठींची कफलिंक्स रूढ केल्याचं श्रेय पॅरिसमधल्या शार्व्हे या शर्टवाल्यांना दिलं जातं. सोन्याच्या कफलिंकला पर्याय म्हणून ती आजही विकली जातात.

माझ्या दृष्टीने या गुंडीची सर्वांत मोठी गोष्ट मात्र कपड्याच्या दुकानात घडलेली नाही. ती जहाजावर घडली.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात न्यू बेडफर्ड नावाचं बंदर आहे. एकोणिसाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीचं ते मोठं केंद्र होतं. शिकारी जहाजं तीन-तीन, चार-चार वर्षं समुद्रावर असत. देवमासा दिसला तर मरणाची धावपळ, आणि न दिसला तर दिवसच्या दिवस रिकामे. अशा रिकाम्या वेळात खलाश्याच्या हाताशी विनामूल्य असायची ती एकच गोष्ट, दोरी. त्यातून तो सामानाच्या पेटीच्या कड्या गुंफी, चाकूची गळदोरी करी. डोलकाठीवर काम करताना हातातून चाकू सुटला तर खालच्या माणसाचा जीव जाऊ शकतो, म्हणून चाकू गळ्यात बांधलेला. त्या गळदोरीवर गुंडीच्या गाठी. कामाची वस्तूही त्याला देखणी करावीशी वाटे.

क्लिफर्ड ॲशली याच बंदरात १८८१ साली जन्मला. तो व्यवसायाने चित्रकार होता. १९०४मध्ये त्याने ‘सनबीम’ या शिकारी जहाजावर प्रवास केला, त्यावर लिहिलं, चित्रं काढली. शिडांची जहाजं तेव्हा संपत आली होती. वाफेच्या जहाजावर दोरीचं काम थोडं, आणि ज्यांच्या बोटांत शेकडो गाठी होत्या ते खलाशी म्हातारे होत चालले होते. ॲशली त्यांच्याकडे जाऊन बसला. त्याने फक्त खलाशीच धरले नाहीत. वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं गाठी कशा मारतात हेही त्याने टिपलं, आणि आपल्या ग्रंथात धंद्यांनुसार गाठींचं वेगळं प्रकरण केलं. ‘द ॲशली बुक ऑफ नॉट्स’ हा ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला. तो लिहायला आणि चितारायला त्याला अकरा वर्षं लागली. ३,८००हून अधिक क्रमांकित नोंदी, सुमारे ७,००० आकृत्या, सगळ्या त्याच्याच हातच्या. तीन वर्षांनी, १९४७मध्ये, तो वारला.

या ग्रंथात एकपदरी गुंड्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात चिनी गुंडीची तो मनापासून तरफदारी करतो. झोपताना अंगाला टोचत नाही, फुटत नाही, असा त्याचा युक्तिवाद. धोबीघाटावर कपडे आपटून शर्टाच्या गुंड्यांचे तुकडे झालेले आपण सर्वांनीच पाहिले आहेत, तेव्हा त्याचं म्हणणं पटायला आपल्याला वेळ लागू नये.

पण त्या प्रकरणाचं खरं मोल वेगळं आहे. आधी माहीत असलेल्या गुंड्या नोंदवून तो थांबला नाही. नव्या गुंड्या शोधायची रीत त्याने दाखवली. कागदावर आधी रेषेचा आराखडा काढायचा. दोरी कुठून सुरू होते, कुठे वळते, स्वतःला कुठे छेदते, सगळं आखायचं. जिथे दोरी खालून जायची त्या छेदाला गोल करायचा. कागद बुचाच्या फळीवर ठेवायचा, वळणांवर टाचण्या टोचायच्या, दोरी रेषेवरून न्यायची. गोल आला की खालून, नाही आला की वरून. पूर्ण झालं की टाचण्या काढायच्या आणि आवळायला बसायचं. यामुळे गाठ सांगता येऊ लागली, पोस्टाने पाठवता येऊ लागली, शिकवणारा समोर नसताना शिकता येऊ लागली. एका कागदावर एक गुंडी मावते. इतकी साधी लेखनपद्धत सापडल्यावर गाठींना मरण नाही, एवढं तिचं सामर्थ्य आहे.

आराखड्याचा विषय निघाला म्हणून टर्क्स हेड या गाठीबद्दल थोडं. स्काऊटमध्ये असलेल्यांनी गळ्यातल्या स्कार्फची चामड्याची कडी पाहिली असेल. तीन पदरांची वेणी गोल फिरून स्वतःलाच मिळते. तीच बोटाभोवती आवळली तर अंगठी, मनगटावर घातली तर कडं, मण्यावर चढवून घट्ट केली तर गुंडी. आता हिच्यात गणित आहे. वेणीत किती पदर आणि काठाला किती कमानी, या दोन संख्या ठरवून मग विणायला बसतात. तीन पदर आणि चार कमानी एका दोरीत होतात. तीन पदर आणि पाच कमानीही होतात. तीन पदर आणि सहा कमानी मात्र एका दोरीने कितीही प्रयत्न केला तरी होत नाहीत, दोरी लवकरच सुरुवातीला येऊन मिळते आणि वेणी अर्धवट राहते. नियम असा, की दोन्ही संख्यांचा मसावि १ असेल तरच एका दोरीत काम पुरं होतं. सहावीच्या मुलांना मसावि कशाला शिकायचा, असा प्रश्न पडतो. त्यांच्या हातात दोरी द्या. चार पदर आणि सहा कमानींवर दोरी अडली की मसावि पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

दोरी कोणती घ्यावी, हे श्रोत्यांनी विचारण्याआधीच सांगते. सुती दोरी शिकायला उत्तम. ती धरून ठेवते, आवळलेली जागा सोडत नाही, आणि पाण्यात फुगून गाठ आणखी घट्ट होते. रेशीम देखणं, पण खरखरीत बोटांना त्याचे तंतू अडकतात. काम करण्याआधी हाताला तेल लावू नये, डाग पडतो. नायलॉन आणि साटिनच्या चकचकीत दोऱ्या आज सगळीकडे मिळतात. त्या निसरड्या असतात, त्यामुळे आवळायला सोप्या वाटतात आणि तितक्याच सहज सैलावतात. त्यांची टोकं मेणबत्तीवर किंचित वितळवून बंद करावी लागतात. चामड्याची वादी ओलसर करून विणावी, वाळली की ती आकसून आकार धरते. तयार चिनी गुंड्यांची पाकिटं मिळतात, त्यांतल्या बऱ्याच गुंड्यांत गाठ पूर्ण नसते, गोंदाने चिकटवलेली असते. दोन धुण्यांत सुटते. अशी गुंडी घेऊ नये.

दागिन्यांकडे वळले की मी आपल्या घरात येते. आपल्याकडे दागिना सोनार घडवतो, पण तो गळ्यात घालण्याजोगा होतो पटवेकऱ्याच्या हातून. मोत्यांचा सर ओवताना दर दोन मोत्यांमध्ये तो एक बारीक गाठ देतो. त्याची दोन कारणं. मोती एकमेकांवर घासून झिजू नयेत, आणि सर तुटलाच तर एखादाच मोती जावा, सगळे घरभर विखरू नयेत. ही गाठ मोत्याला अगदी चिकटून बसायला हवी. सुई गाठीच्या पोटात ठेवून, गाठ सरकवत मोत्यापर्यंत आणून, मगच सुई काढून घ्यायची. हातात हे आलं नसेल तर सर लोंबकळतो.

ठुशी आणि तन्मणी यांच्या मागच्या दोरीकडे कधी लक्षपूर्वक पाहिलंय? रेशमी किंवा सुती दोरीवर जर गुंडाळलेली, टोकाला गोंडा, आणि दोरीवर सरकणारी एक दोऱ्याची गुंडी. तीच गुंडी सरकवून दागिना गळ्याच्या मापाला आणतात. घट्ट इतकी की घातलेल्या जागी थांबावी, सैल इतकी की दोन बोटांनी सरकावी. या दोन अटी एकाच गाठीत पाळायच्या हे सोपं काम नाही. पटवेकरी जमिनीवर बसतो, धाग्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतो आणि दोन्ही हात मोकळे ठेवतो. वजनकाट्यावर सोनं तोललं जातं, दोरीला किंमत नाही. बिलावर तर ती ओळसुद्धा नसते. म्हणूनच आज बहुतेक दुकानांत दोरीऐवजी मागे साखळी आणि एस आकाराचा आकडा लावून देतात.

मला तक्रार करायची नाही. साखळी टिकते, धुता येते, गिऱ्हाइकाला ती हवी असते. काळजी वेगळी आहे. गाठ ही वस्तू जतन करायला फार कठीण. लाकडाचं कोरीवकाम कपाटात ठेवता येतं, मूर्ती संग्रहालयात राहते. गाठही राहते, पण ती कशी मारली हे पाहून कळत नाही. उलगडली की नमुना नाहीसा झाला, आणि नाही उलगडली तर रीत कळली नाही. शिवाय दोरी कुजते. त्यामुळे कोणी लिहून ठेवली नाही तर गाठींची विद्या फक्त जिवंत हातांत राहते, आणि ते हात थांबले की एका पिढीत नष्ट होते. ॲशली शिडांच्या जहाजांच्या शेवटच्या दशकांत खलाश्यांकडे गेला, हे त्याचं आणि आपलं नशीब. वीस वर्षं उशीर झाला असता तर विचारायला कोणी उरलं नसतं.

दुसऱ्यांनीही वेळ साधली. कोरियाने १९६८ साली गाठी बांधण्याच्या कारागिरीला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत २२ वा क्रमांक दिला. ज्यांना ती येत होती त्या कारागिरांना अधिकृत मान आणि शिष्य घडवण्याची जबाबदारी एकत्रच मिळाली. तैवानमध्ये ‘एको’ या नियतकालिकाच्या मंडळींनी जुन्या जाणत्यांकडून आणि जुन्या वस्तूंवरून चिनी गाठी गोळा केल्या. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लिडिया चेन यांचं ‘चायनीज नॉटिंग’ हे पुस्तक आलं. मूळच्या थोड्या गाठी निवडून, प्रत्येकीच्या पायऱ्या आकृत्यांनी दाखवून त्यांनी ती विद्या घरोघरी नेली. गुंडीची गाठ त्या मूळच्या गाठींत आहे. आज जगभर चिनी नववर्षाला लाल दोरीच्या ज्या गाठी टांगलेल्या दिसतात, त्यांच्यामागे या संकलनाचा मोठा वाटा आहे. एक ठिकाण सरकारने सांभाळलं, एक नियतकालिकाने, आणि एक तर एकट्या चित्रकाराने. पैसा आणि संस्था लागतातच असं नाही. कोणीतरी वेळेवर जाऊन बसणं लागतं.

आपल्याकडे मुंबईहून निघणाऱ्या ब्रिटिश आगबोटींवर रत्नागिरीकडचे, कोकणातले खलाशी मोठ्या संख्येने काम करत. सारंग, टंडेल अशी त्यांच्यातली दर्जाची नावं आजही आडनावांत आणि बोलीत आहेत. त्यांच्या बोटांत किती गाठी असतील! त्यांच्यात ॲशली निघाला नाही. पटवेकऱ्यांच्या बाबतीत मात्र अजून वेळ गेलेली नाही. तुळशीबागेसारख्या बाजारात, जुन्या सराफकट्ट्याच्या गल्ल्यांमध्ये, ओवून आणि गाठवून देणारे हात अजून काम करताना दिसतात.

म्हणून आपल्याला विनंती करायची आहे. आपल्या गावात, तालुक्यात, पेठेत दागिने गाठवून देणारं कोणी असेल तर त्यांच्याकडे जा. एखादा जुना सर पुन्हा ओवून घ्यायचं काम द्या आणि ते सांगतील ती मजुरी घासाघीस न करता द्या. मग त्यांच्या परवानगीने शेजारी बसा. एकेका गाठीचे दोन नमुने मागा, एक पूर्ण आवळलेला आणि एक सैल, ज्यात दोरीची वाट दिसते. दोन्ही जाड कागदावर टाचा. त्याखाली गाठीला ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा, ती कोणत्या दागिन्याला लागते ते लिहा, आणि ते कोणाकडून शिकले हे विचारून तेही लिहा. आकृती काढता येत असेल तर ॲशलीच्या रीतीने काढा, खालून जाणाऱ्या छेदाला गोल करून. शिक्षक मंडळी इथे बरीच आहेत. कार्यानुभवाच्या तासाला वर्षातून चार आठवडे या कामाला द्या, मुलं आनंदाने करतील.

अशी एक वही प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात झाली तर तिला कपाटाचा एक खण पुरेल. हे काम येत्या पाच-दहा वर्षांत झालं तरच होईल. ते आपण हाती घ्यावं, एवढं सांगून मी थांबते.